बाकी खोलीत काही नाही

पांढुर्णा
६ जानेवारी २०२६

महोदय,

आपण नागपुरात जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर हाताने तयार करता, असे आपल्या संकेतस्थळावर वाचले. मला एक घ्यायचा आहे. माहिती पाठवावी.

आपली पत्नी रश्मी ही माझी मुलगी आहे, हे आपल्याला माहीत आहे आणि मलाही. लग्नानंतर काही महिन्यांतच आपण वीज कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडली. तेव्हा ‘पुन्हा नोकरीवर रुजू झाल्याशिवाय जावयाने माझा उंबरठा ओलांडू नये’ असे मी म्हटले होते, आणि ‘मग मीही ओलांडणार नाही’ असे रश्मी म्हणाली होती. तीन वर्षे झाली. दोघींनी आपापला शब्द पाळला आहे. या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही. हे ग्राहकाचे पत्र आहे, तसेच वाचावे. उत्तर टपालाने द्यावे. फोनवर काय ठरले ते नंतर कोणालाच आठवत नाही.

गरज अशी. माझे यजमान देवीदास यांची नजर काचबिंदूने गेली. उजव्या डोळ्याला थोडा उजेड कळतो, अक्षर कळत नाही. रेल्वेची ड्यूटी करून घरी आले की पुस्तक उघडणारा माणूस. मी वाचून दाखवते, पण त्यांचे म्हणणे की मी बातमीसुद्धा हजेरी घेतल्यासारखी वाचते. म्हणून आता दिवसभर मोबाईलवर गाणी लावून बसतात. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा तो आवाज. त्यांना चालतो. मला चालत नाही.

घरात जे आहे ते सांगते. रेकॉर्ड प्लेअर आहे, चालू आहे. पेटीभर रेकॉर्डी आहेत. रामाकोन्याला त्यांच्या वडिलांची गायन पार्टी होती, तिच्या कॅसेट आणि त्या वाजवायचा डेक आहे. सौंसरची एक टॉकीज बंद पडली तेव्हा तिच्या सामानातून यांनी दोन लाकडी स्पीकर उचलून आणले होते. एकेक धान्याच्या कोठीएवढा. इतकी वर्षे मी ते फक्त पुसत आले. या सगळ्यांना जोडणारा अँप्लिफायर मागच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा जळाला.

मी बी.एस्सी. आहे, भौतिकशास्त्र घेऊन. आमच्या वेळी ट्रायोड व्हॉल्व्हचे प्रॅक्टिकल असे आणि त्याचे आलेख मी स्वतः काढले आहेत. तेव्हा ‘आवाज एकदम गोड येतो’ अशा भाषेत लिहू नये. तिगावच्या शेतातली वेचणी संपली, कापूस घरात आला, आता मला सवड आहे. लवकर कळवावे.

कमल देवीदास सोमकुवर
निवृत्त मुख्याध्यापिका


२० जानेवारी २०२६

श्री. आशिष ढोके यांस,

पत्र मिळाले. मुद्देसूद आहे. तुम्ही तीन पर्याय दिलेत: इंटरनेटवर मिळणारा चिनी बनावटीचा, जुन्या बाजारातला दुरुस्त केलेला, आणि तुम्ही बनवता तो. स्वतःचा शेवटी लिहिलात. हा विनय आहे की चलाखी, ते मी अजून ठरवलेले नाही.

चिनी नको. आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे पिवळे पडतात, आणि बंद झाल्या की पंखा छतातून सुटेल असे वाटते. अशा विजेवर जे यंत्र चालवायचे त्याचा बनवणारा जाब विचारता येईल इतक्या अंतरावर असावा.

जुना ऐकायला सौंसरला गेलो. तिथल्या मंडपवाल्या चिंधूकडे त्याच्या आजोबांच्या काळचा लग्नात लावायचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. चिंधू माझा विद्यार्थी. सातवीत दोनदा बसला, पण मंडप सरळ उभारतो. त्याने कापड झटकले, यंत्र सुरू केले आणि आम्हाला बसवून ठेवले.

“मॅडम, हे गरम होऊ द्या. थंड्यात बोलत नाई हे.”

“किती वेळ?”

“चहा होईस्तोवर. चहा ठेवलाच आहे.” मग म्हणाला, “याचा आवाज बोरगावपर्यंत जाते, मॅडम.”

“मला तो खोलीच्या बाहेरही जायला नको आहे.”

“मंग मॅडम, तुम्ही वाघ घेऊन राहिल्या मांजरीच्या कामाले.”

त्याचे बरोबर होते. ते यंत्र मैदानासाठी बनवलेले, दूरवर तारा ओढून भोंगे लावायचे. घरच्या स्पीकरला तसे जोडता येत नाही, हे तुम्हीही लिहिले आहे. पण चिंधूने तात्पुरती काहीतरी सोय करून एका स्पीकरवर एक जुनी रेकॉर्ड ऐकवली. माझे यजमान त्या व्हॉल्व्हच्या उबेजवळ तळवा धरून बसले होते. मी विचारले, काय फरक वाटतो. म्हणाले, “मोबाईलवाला उभा राहून ओरडते. हा बसून बोलून राहिला.”

एवढ्यावर निर्णय झाला. व्हॉल्व्हच घ्यायचा आणि घरासाठी बनवलेलाच घ्यायचा.

तुम्ही विचारले की प्रत्येक बाजूला एकच व्हॉल्व्ह असलेला लहान हवा की जोडीचा मोठा. लहान द्या. टॉकीजचे स्पीकर थोड्या ताकदीवर भरपूर बोलतात, हे तुमचे तुम्हीच लिहिले आहे. पहिलाच घेते आहे, पहिल्याने मोठा घेऊ नये. अटी तीन. नागपुरात मिळतील तेच व्हॉल्व्ह वापरावेत. विजेच्या चढउताराची व्यवस्था यंत्राच्या आतच असावी. आणि व्हॉल्व्हवर जाळी असावी, कारण यजमान हाताने चाचपून चालतात.

बसवायला कोणीतरी यावे लागेल. कारागीर म्हणून तुम्ही आलात तर माझी हरकत नाही. उंबरठ्याची अट जावयाला होती, कारागिराला नाही.

कमल सोमकुवर


१६ फेब्रुवारी २०२६

श्री. आशिष ढोके यांस,

‘कारागीर म्हणून येणार नाही. यायचे झाले तर रश्मीचा नवरा म्हणूनच येईन.’ हे उत्तर मला अपेक्षित होते. उद्धट आहे. अक्षर चांगले आहे.

यंत्र पोहोचले. आमच्या गल्लीतला राजू नागपूरला कामाला जातो, त्याने ते बसमध्ये मांडीवर ठेवून आणले. तुमच्या सूचनेप्रमाणे आधी स्पीकर जोडले, मग वीज. व्हॉल्व्ह तांबूस झाले. जळका वास नाही, गुणगुण नाही. लाकूडकाम उत्तम आहे. जाळी घट्ट आहे. शेजारच्या देवकाबाईंनी यंत्रावर घालायला लगेच क्रोशाचा रुमाल विणून आणला, त्यांच्या टीव्हीवर आहे तसा. मी तो घालू दिला नाही. व्हॉल्व्ह तापतात आणि सूत पेटते, एवढे समजण्यापुरते शिक्षण मी घेतलेले आहे.

आता तक्रार. आवाज मेलेला आहे.

शब्द कळतात, पण कोणी तोंडावर पदर धरून बोलावे तसे. टाळी वाजते पण तिला धार नाही. पेटी, ढोलकी, कोरस सगळे एका वाकळेखाली कोंडल्यासारखे. चिंधूच्या कळकट डब्यातून जे आले ते तुमच्या नव्या यंत्रातून येत नाही. प्लेअर बदलून कॅसेट लावली, तरी तेच. स्पीकरच्या तारा उलटसुलट करून पाहिल्या, तरी तेच.

माझे यजमान तुमची बाजू घेतात.

“राहू दे ना वं. नवीन हाये. लाजून राहिलं असन.”

“यंत्र लाजत नाही.”

“तुयासमोर कोणी बी लाजते.”

हे मी तुम्हाला करमणुकीसाठी लिहीत नाही. ते दोन दिवस त्या खोलीत बसले, मग हळूच मोबाईल काढला आणि उशीखाली ठेवून ऐकू लागले, मला कळू नये म्हणून. म्हणजे त्यांनाही आवाज पटलेला नाही, पण पोरीच्या घरचे यंत्र म्हणून ते तसे सांगत नाहीत. ग्राहकाला असे लपून बसावे लागू नये. काय करता ते कळवा.

कमल सोमकुवर


३ मार्च २०२६

श्री. आशिष ढोके यांस,

तुम्ही यंत्र मागवून घेतलेत, आतला एक भाग बदललात आणि परत पाठवलेत. राजूच्या मांडीला सवय झाली आहे. आवाज होता तसाच आहे. तुमच्या कार्यशाळेत तो ‘मोकळा आणि भरलेला’ येतो, असे तुम्ही लिहिता. मग तुमच्या कार्यशाळेतच तो ऐकावा.

तरी तुम्ही खोलीविषयी जे विचारले त्याची उत्तरे देते, कारण प्रश्न योग्य आहेत.

खोली घराच्या मागच्या अंगाला, चांगली ऐसपैस. विटांच्या भिंती, चुन्याचा हात, वर स्लॅब. फरशी शहाबादी. एक दार घरात, एक दार मागच्या अंगणात. एक खिडकी, पडदा नाही. गालिचा आमच्याकडे कधीच नव्हता. एक लोखंडी खाट, एक लाकडी कपाट, एक खुर्ची, स्टुलावर यंत्र, दोन बाजूंना स्पीकर. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. बाकी खोलीत काही नाही.

अशा उघड्या खोलीत आवाज उलट घुमायला हवा, हे मलाही कळते. घुमत नाही. म्हणजे दोष यंत्रात आहे. तिसऱ्यांदा दुरुस्ती मी मान्य करणार नाही. शनिवारी राजूबरोबर यंत्र परत पाठवत आहे. आपला व्यवहार तिथे संपेल आणि हा पत्रव्यवहारही.

रश्मीच्या बाबांना हे पटलेले नाही. “काऊन वापस करते? वाजते ना. कमी वाजते, पर वाजते. पोरीच्या घरून एक गोष्ट आली, ते बी वापस,” असे म्हणून ते अंगणात जाऊन बसले. मी त्यांना सांगितले की गोष्ट पोरीच्या घरून आलेली नाही, दुकानातून आलेली आहे. डोळे असते तर पेपर तोंडापुढे धरला असता.

वाईट वस्तू नात्यासाठी ठेवून घेतली तर पुढे नाते आणि वस्तू दोन्ही वाईट होतात. नोकरीच्या वेळीही मी हेच म्हटले होते: खरे ते तोंडावर सांगावे. माझे वडील दुसऱ्यांच्या वाड्यांत संत्री तोडत. मला शिकवले ते पगाराच्या नोकरीसाठी, आवडीसाठी नाही. तुमच्या हातात ती नोकरी होती आणि तुम्ही ती ठेवून दिलीत, पायातली चप्पल काढून ठेवावी तशी. हे मध्येच का लिहिले ते मला माहीत नाही. खोडत नाही, कारण पत्रात खाडाखोड मला आवडत नाही.

कमल सोमकुवर


११ मार्च २०२६

श्री. आशिष यांस,

यंत्र परत पाठवलेले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. का नाही, तेही माहीत आहे. तरी झाले ते माझ्या बाजूने लिहून ठेवते.

शुक्रवारी दुपारी मी खोके शोधत होते. रश्मीचे बाबा “शेवटचं ऐकू दे” म्हणून यंत्र लावून बसले होते. माझा फोन वाजला. रश्मीचे नाव दिसले. तीन वर्षांत तिने बापाला फोन केले, मला नाही. मी उचलला.

“आई, ते मशीन चालू आहे का आत्ता?”

ना जय भीम, ना कशी आहेस. मी म्हटले, “हो. तुझे बाबा ऐकून राहिले.”

“बंद कर. आधी बंद कर, मग बोल.”

तिचा आवाज असा होता की मी प्रश्न विचारला नाही. जाऊन बटण बंद केले. असे मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही.

“केले. आता सांग.”

“कापूस कुठं भरला यंदा?”

“कुठं म्हणजे? जिथं भरतो तिथंच.”

“त्याच खोलीत?”

“मग काय विहारात भरू?”

“किती आहे?”

“खाटेच्या मागून छतापर्यंत. खिडकीकडून पण. भाव यायचा आहे अजून.”

“आई, तू आशिषला लिहिलं, बाकी खोलीत काही नाही.”

“मग? काय आहे?”

तिच्या मागून तुमचा आवाज ऐकू आला: “विचार, मशीनपासून किती लांब.” मी वळून पाहिले. स्टुलावर यंत्र, आणि त्याच्यामागे पांढरा ढीग. यंत्राजवळ उभे राहून हात लांब केला तर बोटे कापसात जातील. मी रश्मीला ते सांगितले. मग ती हसायला लागली. हसताना मध्येच ती रडत असावी, नीट कळले नाही. मी फोन कानाला धरून उभी राहिले. तुम्ही फोन घेतला नाहीत, मीही मागितला नाही.

तुम्ही नागपूर शहरात वाढलात, तुमच्या लक्षात येणे शक्य नव्हते. रश्मी त्या खोलीत कापसावर चढून अभ्यास करायची. माझे पत्र तिने वाचले म्हणून बरे झाले. तुम्ही तिला ते वाचायला दिलेत, हेही बरे झाले.

या दिवसांत आमच्याकडे खोलीत कापूस असतो, जसे वर छत असते. यादी करताना छत कोणी लिहीत नाही. ध्वनीचे प्रकरण मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. सिनेमागृहाच्या भिंतींना मऊ आवरण का लावतात, हा प्रश्न मी स्वतः परीक्षेत घातला आहे. मुले बरोबर उत्तर लिहीत: कारण ते आवाज शोषून घेते. आणि देवकाबाईंचा वीतभर रुमाल मी आग लागेल म्हणून परत केला, तो त्याच ढिगापुढे उभी राहून. तुमच्या जाळीमुळे ठिणगी बाहेर पडली नसती, असे तुम्ही रश्मीकडून कळवलेत. उष्णतेचे काय, ते कळवले नाहीत. मला घाबरवायचे नसेल. मी सगळे समजले आहे.

दुसऱ्या दिवशी त्या कापसाला हात लावून पाहिला. यंत्रामागची बाजू इतर बाजूंपेक्षा किंचित पिवळी वाटली. उन्हाने असेल. मी ते रश्मीच्या बाबांना सांगितलेले नाही.

घर आहे. माणूस आहे. एवढे लिहून थांबते.

यंत्राविषयीची तक्रार मागे घेते.

कमल सोमकुवर


८ एप्रिल २०२६

आशिषराव यांस,

जय भीम.

रश्मीचे फोन रोज येतात. आधी ‘मशीन कसे आहे’ विचारते, मग माझ्या गुडघ्याचे. क्रम मला मान्य आहे.

तिच्या बाबांनी कापूस विकला. भाव वाढेपर्यंत थांबणारा माणूस, कधी चैत्र संपेपर्यंत थांबलेला. यंदा मला न विचारता टेम्पो बोलावला. मागच्या दाराला टेम्पो लावला, मजूर गाठोडी बांधत होते आणि हे दारात उभे राहून गाठोडी हाताने चाचपत होते. मी विचारले, एवढी घाई कशाची. म्हणाले, “मले माहा बाप ऐकाचा हाये.”

खोली झाडली. मग त्यांच्या वडिलांच्या पार्टीची कॅसेट लावली. यंत्र तापेपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलो, काहीतरी घडायची वाट पाहत बसतात तसे. मग आवाज आला. मी वर्णन करणार नाही, कारण पहिल्या पत्रात मीच तशा भाषेला मनाई केली आहे. एवढेच लिहिते की सासरे गाता गाता कडवे विसरले आणि पेटीवाल्याने हलकेच पुढचा शब्द पुरवला, हे इतक्या वर्षांत प्रथमच ऐकू आले. रश्मीचे बाबा म्हणाले, “हा देवाजी काका.” पेटीवाल्याचे नाव. मग ती बाजू संपल्यावर मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, “हा तू ठेव.”

आता खोली जरा जास्तच मोकळी वाटते, शेवटचा शब्द भिंतीवर आपटून परत येतो. तुम्ही रश्मीजवळ सुचवलेत त्याप्रमाणे गादीवाल्याला बोलावून ठेवून घेतलेल्या कापसाच्या दोन गाद्या भरून घेतल्या आणि भिंतींना टेकवून उभ्या केल्या. बरोबर लागले. गाद्या नवीन आहेत, दोन आहेत आणि भिंतींसाठी आहेत. दुसरा अर्थ काढू नये.

आता मूळ मुद्दा. चौदा एप्रिलला येता का, असे रश्मीच्या बाबांनी तिला परस्पर विचारले. ती म्हणाली, आशिषला विचारा. तुम्ही म्हणालात, आईंना विचारा. म्हणजे गोष्ट माझ्याकडे आली.

मी चार माणसांत शब्द दिलेला आहे आणि तुम्ही अजून नोकरीवर रुजू झालेले नाही. हे मी यांना सांगितले. यांनी त्यावर विचार केलेला होता.

“तू उंबरठा म्हणली होती ना वं?”

“हो.”

“मंग झालं. कापसाच्या खोलीच्या मागच्या दाराले उंबरठाच नाई. गाठोडी ओढता याव म्हणून म्या काढून टाकला होता. तिथून घे जवायाले. तुया शबूद बी राह्यते, पोट्टा बी येते.”

खूप खूश होते. मलाही क्षणभर ते बरोबर वाटले. नियमात बसत होते.

मग मला माझे वडील आठवले. ज्या वाड्यांत ते संत्री तोडत त्या मालकांच्या घरी त्यांना मागच्या अंगणातून हाक मारत. मजुरी तिथेच, पाणी तिथेच, वरून ओतलेले. मी लहानपणी सोबत गेले आहे. पुढचे दार कसे असते ते त्या घरांचे मी पाहिलेच नाही. हे घर मी माझ्या पगारातून बांधले तेव्हा मिस्त्रीला सांगितले होते की पुढचे दार मोठे कर, बाकी काहीही लहान चालेल.

माझ्या घरी कोणालाही मागच्या दाराने घेणार नाही. शब्द राहावा म्हणून तर नाहीच.

तेव्हा बुद्धपौर्णिमेला रश्मीला घेऊन या. चौदा एप्रिलला नको, त्या दिवशी गल्लीतल्या भोंग्यांपुढे तुमच्या पाच वॅटचे काही ऐकू येणार नाही. जावई म्हणून या. पुढच्या दाराने या. शब्द मी दिला होता, मोडायचा अधिकारही माझाच आहे. मोडला.

नोकरी सोडणे चूक होते, हे माझे मत कायम आहे. ते जेवताना बोलू.

कमल सोमकुवर


५ मे २०२६

आशिषराव,

जय भीम.

रश्मीने तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे कळवले. तरी लिहिते, कारण समोर असताना मला सगळे बोलता आले नाही आणि जे बोलले ते बरेचसे पेन्शनविषयी होते.

दारातली गोष्ट मी तुमच्या लक्षात आणून देते. तुम्ही पिशवी घेऊन पायरीशी उभे होता. समोरच्या ओट्यावरून देवकाबाईंनी विचारले, “कोण आलं वं मॅडम?” त्यांना माहीत होते. सगळ्या गल्लीला माहीत होते. आणि तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, “मशीनवाला आलो काकू, दुरुस्तीले.”

तो टोमणा होता. मला तो लागला आणि मी तो मान्य केला. म्हणून इतक्या मोठ्याने म्हणाले, “देवकाबाई, हे आमचे जवाई आहेत. आणि मशीन बिघडलेले नाही.” शाळेच्या मैदानावर बोलायचे तसा आवाज निघाला. राजूच्या घरचे लोक बाहेर आले.

“बाप्पा, मंग पाय धुवाले पाणी दे ना,” देवकाबाई म्हणाल्या, “दारात काऊन उभं करून राहिली जवायाले?”

मी खरोखरच पाणी विसरले होते. माझ्याकडून असे होत नाही. पण रश्मी तुमच्या शेजारून आधीच आत गेली होती आणि तांब्या भरून घेऊन आली. घागर आणि तांब्या कुठे आहेत, हे तिला कोणाला विचारावे लागले नाही. तुम्ही पाय धुतलेत, मी टॉवेल दिला, तुम्ही आत आलात. यात विशेष काही नव्हते. कोणाच्याही घरी असेच होते.

जेवताना तुम्ही माझे ऐकून घेतलेत, हे चांगले केलेत. पेन्शनचे काय, असे मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “आई, व्हॉल्व्हलाही पेन्शन नसते, तरी तुमच्या चिंधूकडे आजोबांच्या वेळचे चालून राहिले ना.” हे उत्तर नाही. व्हॉल्व्हला म्हातारपणी औषधे लागत नाहीत. यांनी मात्र लगेच “वा” म्हटले आणि तुम्हाला आणखी खीर वाढायला लावली. तुमच्या हातात किती काम आहे, पुढच्या वर्षासाठी काय बाजूला ठेवता, याची उत्तरे तुम्ही सरळ दिलीत. ती मला नोकरीइतकी पटली नाहीत. पण मला वाटले होते तितकी वाईटही नव्हती.

दुपारी तुम्ही दोघे बापलेकाप्रमाणे त्या खोलीत बसलात आणि तो एक स्पीकर वीतभर पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे करत राहिलात. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. रश्मी भांडी पुसत होती. ती म्हणाली, “आई, तू यंत्र खरंच बाबांसाठी मागवलं होतं?” मी म्हटले, “हो.” ती म्हणाली, “ठीक आहे.” मग तिने माझ्या हातातले पातेले घेतले आणि तेही पुसले. आमचे बोलणे एवढेच झाले आणि ते मला पुरेसे आहे.

तुम्ही गेल्यावर घर रिकामे वाटेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. रश्मीचे बाबा सकाळी उठून स्वतः यंत्र सुरू करतात, तापेपर्यंत दाढी करतात. मी पेपर मोठ्याने वाचत नाही, त्यामुळे दोघांनाही आराम आहे. मला आता दुपारी झोप लागते. गेली काही वर्षे लागत नव्हती. मी ते वयाचे समजत होते.

एक काम राहिले. खोके माळ्यावर टाकताना तळाशी हमीपत्र सापडले. व्हॉल्व्ह बदलून मिळतील, दुरुस्ती विनामूल्य, असे त्यात लिहिले आहे. बनवणाऱ्याने घरी येऊन पाहणी करण्याविषयी एक शब्द नाही. ग्राहक म्हणून ही मला मोठी त्रुटी वाटते. दुरुस्त हमीपत्र करून, त्यावर तुमची आणि साक्षीदार म्हणून रश्मीची सही घेऊन टपालाने पाठवा. पाहणी जोडीने होईल, असे स्पष्ट लिहा.

मुदतीची जागा कोरी ठेवा.

आई